हात सोडताच गिटारचे डोके का झुकते?
इलेक्ट्रिक गिटारच्या चाव्यांची हलकी बटणे निवडताना

माजरी (ता. भद्रावती, जि. चंद्रपूर) : इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवावी, पट्टा खांद्यावर नीट बसवावा आणि डावा हात क्षणभर सोडून द्यावा. वाद्य आहे तिथे स्थिर राहिले तर ते वादकाचे भाग्य. पुष्कळदा मात्र गिटारची मान हळूहळू खाली घसरू लागते आणि तिचे डोके जमिनीकडे तोंड करून थांबते. घरी खुर्चीवर बसून सराव करणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही, कारण मांडी वाद्याला आधार देते. गणेशोत्सवातील किंवा भीमजयंतीच्या कार्यक्रमातील वाद्यवृंदात दोन-तीन तास उभे राहून वाजवणाऱ्याला मात्र हे चांगलेच जाणवते. ज्या हाताने सूर दाबायचे, त्याच हाताने वाद्याची मानही तोलून धरावी लागते. अंगठा आखडतो, मनगट दुखते आणि पट्टी बदलताना हात उशिरा पोहोचतो. दोष सरावाला दिला जातो. प्रत्यक्षात तो वजनाच्या वाटणीचा असतो.

या दुखण्यावर जे उपाय सांगितले जातात, त्यांत सर्वांत लहान आणि बऱ्याचदा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तारा जुळवण्याच्या चाव्यांची बटणे बदलणे. बोटांत धरून पिळायचे ते टोक, एवढाच हा भाग. धातूच्या सहा बटणांऐवजी प्लॅस्टिकची, ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची सहा हलकी बटणे लावायची. एवढ्याशा फरकाने काय होणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर शाळेत शिकलेल्या तरफेच्या नियमात आहे.

पन्नास ग्रॅमची किंमत

गिटारचा पट्टा दोन ठिकाणी अडकवलेला असतो. एक खिळा वाद्याच्या तळाशी आणि दुसरा मानेच्या बाजूला. हा पुढचा खिळा म्हणजे ढोबळमानाने तराजूचा काटा मानता येईल. त्याच्या एका बाजूला वाद्याचे धड, दुसऱ्या बाजूला लांब मान आणि तिच्या अगदी टोकाला चाव्यांनी भरलेले डोके. चाव्या काट्यापासून सर्वांत दूर असल्याने त्यांच्या प्रत्येक ग्रॅमचा प्रभाव वाढतो.

फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर घडणीच्या गिटारला वरच्या अंगाला एक लांब शिंग असते आणि पुढचा खिळा त्या शिंगाच्या टोकावर, साधारण बाराव्या पडद्याजवळ येतो. त्यामुळे चाव्या खिळ्यापासून ४० सेंटिमीटरच्या आसपास राहतात. गिब्सनच्या १९६१ मध्ये आलेल्या आणि पुढे ‘एसजी’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या घडणीत मात्र धड पातळ आहे आणि पुढचा खिळा मानेच्या सांध्यामागे आहे. तिथून चाव्यांचे अंतर अर्ध्या मीटरवर जाते. एसजी घडणीच्या गिटारी डोक्याकडे झुकतात ही जगभरच्या वादकांची जुनी तक्रार आहे. तिचे कारण या अंतरात आहे. त्याच कंपनीच्या १९६३ मधील थंडरबर्ड या बेस गिटारबद्दलही हेच बोलले जाते.

आता वजन पाहू. एका बटणाचे घनफळ सुमारे दीड घन सेंटिमीटर धरले आणि ते जस्ताच्या मिश्रधातूचे, आतून भरीव असेल, तर त्याचे वजन दहा ग्रॅमच्या घरात जाते, कारण या मिश्रधातूची घनता ६.६ आहे. तेवढेच बटण ॲल्युमिनियमचे केले तर चार ग्रॅम आणि एबीएस प्लॅस्टिकचे केले तर जेमतेम दीड ग्रॅम. एबनी हे काळे लाकूड पाण्याइतके किंवा त्याहून किंचित जड असते, म्हणजे तेही प्लॅस्टिकच्याच पंक्तीत बसते. सहा बटणांचा हिशेब केला तर धातूची साठ ग्रॅम आणि प्लॅस्टिकची दहा. वाचले पन्नास ग्रॅम. तीन-सव्वातीन किलोच्या वाद्यात पन्नास ग्रॅम म्हणजे काहीच नव्हे. पण हे पन्नास ग्रॅम काट्यापासून पन्नास सेंटिमीटरवर आहेत. तोच तोल धडाच्या बाजूला, खिळ्यापासून दहा सेंटिमीटरवर वजन बांधून साधायचा म्हटले तर पाव किलोचे वजन लागेल. हलके बटण लावले की वाद्य हलके होऊन तोल साधतो, उलट धडाला वजन बांधले की खांद्यावरचे ओझे वाढून तोल साधतो. दोन उपायांमधला हा फरक दीर्घ कार्यक्रमात कळतो.

हा हिशेब भरीव बटणांचा आहे. बाजारातील काही धातूची बटणे आतून पोकळ असतात आणि मग बचत कमी होते. म्हणून जाहिरातीवर विसंबण्यापेक्षा एक बटण काढून सोनाराच्या काट्यावर ठेवणे उत्तम. स्वयंपाकघरातल्या साध्या काट्यावर सहाही एकदम ठेवली तरी अंदाज येतो.

स्वस्त गिटारींच्या बाबतीत एक विचित्र योग जुळून येतो. खर्च वाचवण्यासाठी धड पॉलोनिया किंवा बासवुडसारख्या हलक्या लाकडाचे केले जाते आणि त्याच वेळी, वाद्य भारदस्त दिसावे म्हणून, चकचकीत मुलाम्याच्या जड चाव्या बसवल्या जातात. धड हलके आणि डोके जड. पुढे हौशी वादक ‘चांगल्या’ म्हणून आणखी जड चाव्या विकत घेतो. सूर टिकतो, पण मान अधिकच झुकते.

तार बटणावर नसते

बटण हलके केले तर ते तारेचा ताण कसे सोसणार, हा पुढचा प्रश्न. नेहमीच्या दहा नंबरच्या संचातील सहा तारांचा एकत्रित ताण ४५ किलोच्या आसपास असतो, तेव्हा प्रश्न रास्त आहे. परंतु बटणाला हा ताण सोसावाच लागत नाही.

मिरजेच्या सतारीशी तुलना केली की हे स्पष्ट होते. सतारीची खुंटी ही निमुळती लाकडी दांडी असते. ती भोकात घट्ट बसते आणि केवळ घर्षणाच्या बळावर तारेचा ताण अडवून धरते. खुंटी सैल झाली तर तार उतरते. म्हणून कारागीर तिचा उतार भोकाशी काटेकोर जुळवतो आणि वादक प्रसंगी तिला खडू लावतो. तेथे पिळायचे टोक आणि ताण सोसणारा दांडा हे एकाच लाकडाचे असल्याने ते लाकूड कठीणच हवे. शिसवीला तेथे मान आहे तो यामुळे. (मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तिथे वाद्यनिर्मितीची परंपरा सुरू केली.)

गिटारच्या चावीत बटण आणि तार यांच्यामध्ये एक मळसूत्री दांडा व एक दातेरी चाक असते. मळसूत्र फिरवले की चाक फिरते, पण चाक ओढून मळसूत्र फिरत नाही. तारेने कितीही जोर लावला तरी तो त्या दातांवरच अडतो आणि बटणापर्यंत पोहोचत नाही. चाकाला चौदा किंवा अठरा दाते असतील तर तारेच्या खुंटीचा एक फेरा व्हायला बटणाचे चौदा किंवा अठरा फेरे लागतात. याचा दुसरा अर्थ असा, की बोटांनाही फार जोर लावावा लागत नाही. बटणाचे काम बोटांची पकड दांड्यापर्यंत पोहोचवणे एवढेच. त्याला धातूचे असण्याचे यांत्रिक कारण नाही. आहे ते दिसण्याचे आणि टिकाऊपणाचे.

विकत घेण्यापूर्वीची एक चाचणी यातूनच निघते, आणि तिला एक पैसाही लागत नाही. ज्या चाव्यांच्या बटणाच्या टोकाला लहान स्क्रू असतो, त्यांची सहाही बटणे तारा न उतरवता काढता येतात. सूर जागचा हलत नाही. बटणांविना गिटार गळ्यात अडकवावी आणि हात सोडून पाहावा. मान आता स्थिर राहिली किंवा अगदी हळू घसरू लागली, तर हलक्या बटणांचा उपयोग होईल. बटणे मुळीच नसतानाही डोके पूर्वीइतक्याच वेगाने खाली जात असेल, तर जगातले कोणतेही हलके बटण त्यावर उपाय नाही, कारण काहीच नसण्यापेक्षा हलके काही असू शकत नाही. अशा वेळी रुंद, आतून खरखरीत असलेला चामडी पट्टा घ्यावा, किंवा पुढच्या खिळ्याची जागा जाणकाराकडून बदलून घ्यावी. खरे तर खरखरीत पट्टा सर्वांनीच आधी करून पाहावा. तोल न बदलता तो घसरण अडवतो आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

धूळ, उन्हाळा आणि पावसाळा

परदेशी माहितीपुस्तिकांमध्ये वजन कमी करण्याचा आणखी एक मार्ग सांगितला जातो. बंद, भरीव कवचाच्या चाव्या काढून जुन्या क्लुसन किंवा उघड्या पाठीच्या पद्धतीच्या, पत्र्याच्या हलक्या चाव्या लावाव्यात, असा तो सल्ला. ग्रोव्हर, शॅलर यांसारख्या बंद चाव्यांपेक्षा त्या निश्चित हलक्या असतात. केवळ वजन पाहिले तर सल्ला बरोबर आहे.

माजरीत बसून तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. हे गाव वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणपट्ट्यातले. दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरच्या या जंक्शनवरून वणीकडे फाटा जातो, आणि कोळसा वाहणारे डंपर व मालगाड्या हा इथला रोजचा देखावा आहे. खिडकीच्या चौकटीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी भुकटी वाद्यालाही सोडत नाही. उघड्या दात्यांच्या चावीत वंगण असते आणि वंगणावर ही भुकटी चिकटली की दाते घासणारी लेपी तयार होते. बंद कवचाची चावी जड असली तरी तिच्या आत धूळ जात नाही. म्हणून वणी, भद्रावती, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यातील वादकाने चावीचे कवच बंदच ठेवावे आणि फक्त बटण हलके करावे, हा मधला मार्ग अधिक शहाणपणाचा ठरतो. दातेरी यंत्रणा सुरक्षित राहते आणि वजनाचा मोठा वाटा कमी होतो.

हवामानाचा प्रश्न वेगळा. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बंद मोटारीत ठेवलेल्या वाद्याभोवती तो बराच जास्त असतो. एबीएस प्लॅस्टिक त्या तापमानाला विरघळत नाही, पण जुन्या पद्धतीच्या नायट्रेटयुक्त प्लॅस्टिकचे तसे नाही. १९५० च्या दशकातील अनेक गिब्सन गिटारींवरची ट्यूलिपच्या आकाराची फिकट बटणे काळाच्या ओघात आकसली, तडकली आणि हातात भुगा होऊन आली. जुन्या वाद्याची अस्सल बटणे म्हणून कोणी तसे काही विकत असेल तर ते कपाटात शोभते, कार्यक्रमात नव्हे. लाकडी बटणांना मे महिन्याची कोरडी हवा आणि जुलैची दमट हवा या दोन्ही आलटून पालटून सोसाव्या लागतात. स्क्रूच्या भोकाभोवती रेषेच्या दिशेने तडा जातो तो याच काळात. भोकात धातूची बारीक नळी बसवलेले लाकडी बटण अशा हवेत अधिक टिकते.

ॲल्युमिनियम हा निर्धोक पर्याय. ते प्लॅस्टिकपेक्षा थोडे जड, पण ना तडकते ना आकसते. बेस गिटारसाठी तर तोच पहिला विचार असावा, कारण तिथे चाव्या मोठ्या आणि मान अधिक लांब. पुढे जाऊन संपूर्ण चावीच हलक्या धातूची घेण्याची सोयही आता आहे. खर्च मात्र वाढतो.

बसते की नाही?

बटणे घेताना सर्वाधिक पैसे वाया जातात ते मापाच्या चुकीने. दिसायला सारखी बटणे सर्व चाव्यांना बसत नाहीत. काही दांड्यांची टोके दोन्ही बाजूंनी चपटी असतात, काहींची एकाच बाजूने. जाडी कंपनीनुसार बदलते. क्लुसन पद्धतीच्या चाव्यांवर बटण दाबून किंवा चिकटवून बसवलेले असते. तिथे स्क्रूच नसतो आणि बदलायचे तर जुने बटण तापवून किंवा फोडून काढावे लागते. नाव नसलेल्या स्वस्त चाव्यांच्या बाबतीत मूळ बटण काढून, दांड्याचे टोक व्हर्नियर कॅलिपरने मोजून, ते माप विक्रेत्याला कळवल्याखेरीज मागणी नोंदवू नये. माजरीसारख्या गावातून मागवलेली वस्तू परत पाठवणे म्हणजे दुसरा व्याप असतो. नागपूर-मुंबईच्या दुकानात जाणे होणार असेल तर एक चावी सोबत न्यावी.

बसवतानाची एक खबरदारी फारशी सांगितली जात नाही. अनेक बंद चाव्यांमध्ये बटणाच्या टोकाचा स्क्रू केवळ बटण धरून ठेवत नाही, तर चावी किती घट्ट फिरावी हेही ठरवतो. त्याखाली बारीक वॉशर असतात. ते हरवले किंवा उलटसुलट लागले की चावी ढिली किंवा ओबडधोबड फिरते. धातूच्या बटणावर स्क्रू आवळण्याची सवय झालेला हात प्लॅस्टिक वा लाकडाच्या बटणावर तसाच जोर लावतो आणि बटण पहिल्याच दिवशी चिरते. सुरुवातीला अर्धा फेरा कमीच आवळावा.

आकाराचाही विचार हवा. बटण जितके लहान, तितके ते हलके, पण तितकीच बोटांची पकड कमी. घामेजल्या हाताने, रंगमंचावरच्या अंधारात सूर मिळवायचा असेल तर अगदी चिमुकली बटणे त्रास देतात. वजन आकारातून कमी करण्यापेक्षा पदार्थातून कमी केलेले बरे.

नादावर काय परिणाम होतो, यावर वादकांमध्ये न संपणारे वाद आहेत. त्यात तथ्याचा अंश आहे तो असा. तार वाजते तेव्हा मानही स्वतःच्या ठरावीक कंपनसंख्येने थरथरते आणि ज्या स्वराची कंपनसंख्या तिच्याशी जुळते, तो स्वर लवकर विझतो. मानेच्या टोकाचे वजन बदलले की मानेची कंपनसंख्या किंचित सरकते. म्हणूनच डोक्याला चिमटा लावून मुद्दाम वजन वाढवण्याचे साधनही बाजारात विकले जाते. तेव्हा हलक्या बटणांनंतर एखादा स्वर पूर्वीपेक्षा लांब किंवा आखूड वाटला तर तो भास असेलच असे नाही. पण ‘लाकडी बटणांनी नाद गोड होतो’ अशी सरसकट हमी देणाऱ्या विक्रेत्याकडून फक्त बटणे घ्यावीत, हमी नको.

तेंदूचा काळा गाभा

लाकडी बटणांत सर्वांत नावाजलेले ते एबनीचे, आणि त्याचा धागा थेट चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाशी येऊन जुळतो. एबनी म्हणजे डायोस्पायरॉस या कुळातील झाडांचे काळे गाभ्याचे लाकूड. बिडीच्या पानांसाठी प्रसिद्ध असलेला तेंदू त्याच कुळातला. त्याचे शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन, आणि ‘मेलॅनोझायलॉन’चा अर्थच मुळी काळे लाकूड. कोरोमंडल एबनी या नावाने हे लाकूड जगाला ठाऊक होते. उन्हाळ्यात टेंभरं खाणाऱ्या आणि पाने खुडणाऱ्या माणसाला मात्र त्या झाडाच्या पोटात गिटारच्या डोक्यावर मिरवण्याजोगे काही असेल असे वाटत नाही.

वाटू नये याला कारणही आहे. काळा गाभा धरतो तो मोठ्या, जुन्या झाडात, आणि तोही बहुधा बारीक व वेडावाकडा. पानांच्या व्यवहाराला मात्र उंच झाड नको असते. त्याला हवी असते छाटलेली, बुटकी, कोवळी पाने देणारी झुडपे. वनहक्क कायदा, २००६ नंतर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करू लागल्या आणि दर उन्हाळ्यातील काही दिवसांचे हे संकलन तिथल्या घरांचे रोख उत्पन्न आहे. दीड ग्रॅमच्या बटणासाठी जुना तेंदू तोडण्याचा विचार हिशेबातही बसत नाही. जंगलातील लाकूड तोडायला व वाहून न्यायला वनखात्याची परवानगी लागते, हे वेगळेच.

एबनी व शिसवीच्या हौसेची किंमत मोठ्या कंपन्यांनीही मोजली आहे. अमेरिकेत गिब्सनच्या कारखान्यांवर २००९ मध्ये मादागास्करच्या एबनीवरून आणि २०११ मध्ये भारतातून आलेल्या लाकडावरून सरकारी छापे पडले. २०१२ मध्ये कंपनीने तीन लाख डॉलरचा दंड भरून तडजोड केली. शिसवी ज्या डालबर्जिया कुळातली, ते संपूर्ण कुळ २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या यादीत आले. वाद्यनिर्माते आणि वादक यांची इतकी अडचण झाली, की २०१९ च्या अखेरीस तयार वाद्ये व त्यांचे तयार सुटे भाग यांना बहुतांश जातींपुरती सूट द्यावी लागली.

लाकडी बटणच हवे असेल तर त्यासाठी झाड लागत नाही. जुन्या शिसवी पलंगाचा मोडका पाय पुरतो. शिसवीची घनता ०.८ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच आकाराचे बटण सव्वा ग्रॅमचे, प्लॅस्टिकहूनही हलके. लाकडाची रेषा बटणाच्या लांबीला समांतर ठेवावी, भोक सरळ पडण्यासाठी ते हाताने न पाडता उभ्या ड्रिल यंत्रावर पाडावे, आत पितळी नळीचा तुकडा अराल्डाइटने बसवावा आणि तिचे तोंड दांड्याच्या चपट्या टोकाला जुळेल असे कानशीने घासावे. सहा चांगली बटणे हवी असतील तर आठ करायला सांगावीत. एक-दोन भोक पाडतानाच चिरतात.